नोकरी आणि मूल यांचा मेळ बाप म्हणून तुम्ही कसा घालता? घरी वेळ देता येत नाही याचं वाईट वाटतं का?

मेळ बसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. वाईट वाटतं, रोज नाही पण वाटतं. मी गोव्यातल्या डिचोलीचा, नोकरी वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, पॅकिंग लाइनवर सुपरवायझर, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगा दुसरीत.

तो झाला तेव्हा मी चार दिवस घरी होतो, तेही माझ्याच साठवलेल्या रजेतून. आईला कायद्याने २६ आठवडे आहेत, केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस, खासगीतल्या बापासाठी कायदाच नाही. पाचव्या दिवशी लाइनवर उभा राहिलो, रात्रभर जागरण, आणि लेबलवरचा एक्सपायरीचा महिना चुकलेला माझ्या नजरेतून चक्क सुटला. पुढच्या टेबलवरच्या पोरीने पकडला म्हणून वाचलो.

पण खरं सांगायचं ते वेगळंच. वेळ मिळाला की तो मुलाला मिळतो हा माझा गैरसमज होता. आधी आमची बस कुठ्ठाळीला जुवारी नदीच्या जुन्या पुलाजवळ अडकायची, कधी तर ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा, मग मी घरी फोन करून सगळं खापर त्या पुलावर फोडायचो. २०२२ च्या डिसेंबरात नव्या पुलाची एक बाजू सुरू झाली, पुढच्या वर्षी दुसरी, अर्धा तास तरी वाचायला लागला. तो अर्धा तास गेला कुठे? सोफ्यावर, मोबाइलमध्ये. पोरगा बाजूला बसून माझ्याच स्क्रीनकडे बघायचा. शेवटी बायको म्हणाली, "आतां पूलय जालो, आतां कोणाचें नांव घेतले?" म्हणजे आता पूलही झाला, आता कोणाचं नाव घेणार? काय बोलणार, गप्प बसलो.

तेव्हापासून घरात शिरलो की मोबाइल फ्रिजवर. दर वेळी जमतंच असं नाही हं, कंपनीचा ग्रुप वाजला की हात जातोच.

नाइट शिफ्टचा आठवडा मात्र आमचा सगळ्यात चांगला, ऐकायला विचित्र वाटेल. सकाळी साडेसातला मी पोचतो आणि त्याच सुमाराला पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजतो. डोळे चुरचुरत असतात पण आम्ही दोघं गेटवर जातो, तो सायकलच्या टोपलीवरचं प्लॅस्टिक स्वतः बाजूला करतो, उंडे म्हणजे गोल पाव मोजून घेतो, एक काकण, बांगडीसारखा पाव, स्वतःसाठी, आणि सुट्टे पैसे दोनदा मोजल्याशिवाय पोदेराला सोडत नाही. तेवढ्यात शाळेतलं सगळं बाहेर येतं, कोणाचा दात पडला, कोणाला बाई ओरडल्या. मी विचारलं तर "काय ना" एवढंच उत्तर मिळतं, गेटवर न विचारता सांगतो. दहा मिनिटं, मग तो शाळेला आणि मी झोपायला.

सेकंड शिफ्टला वाट लागते. रात्री साडेअकराला येतो तेव्हा तो झोपलेला, सकाळी तो निघताना मी झोपलेला, उठायचं ठरवतो आणि आठवड्यातून दोनदाच उठतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या शिफ्ट आता तोच लिहितो, स्केचपेनने. नाइटच्या आठवड्यात अक्षर वगैरे काही नाही, सात दिवस सात काकणं काढलेली असतात.