पिल्लू आणलंस, आता जंतांकडं बघ

भावा, मांजराचं पिल्लू आणलंस, छान केलंस. पण पंचगंगेची मासळी त्याला कच्ची घालू नकोस. ग्नॅथोस्टोमा नावाचा गोलकृमी मांजराच्या जठरात गाठ करून राहतो. त्याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, तिथून सायक्लॉप्ससारख्या बारीक जीवांत आणि पुढं गोड्या पाण्यातल्या माशांत. माणसाला तो मांजराला हात लावून होत नाही. कच्चा, अर्धाकच्चा मासा खाल्ल्यानं होतो. अळी कातडीखाली फिरते, सूज आज इथं तर उद्या तिथं. क्वचित ती डोळ्यात, मेंदूतही शिरते. भारतात असे रुग्ण दुर्मीळ, पण अशी सरकणारी सूज दिसली तर डॉक्टरांना काय खाल्लं होतं ते आवर्जून सांग.

रोजची काळजी मात्र टॉक्सोकारा नावाच्या दुसऱ्या गोलकृमीची. हा पिल्लाला आईच्या दुधातूनही मिळतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून दर 2 आठवड्यांनी जंताचं औषध द्यायचं, तेही वजन करून, जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच. वाळूचा ट्रे रोज साफ कर. विष्ठेतली त्याची अंडी बाधण्याजोगी व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, त्याआधी ती घराबाहेर गेलीच पाहिजेत. आणि मातीत खेळून आलेल्या पोरांचे हात साबणानं धुतल्याशिवाय त्यांना ताटावर बसवू नकोस.