लग्नाचं शूटिंग करायचं की नाही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तारीख धरली, कार्यालय ठरलं आणि आता शूटिंगवरून घरात दोन मतं झालीत, असं तू कळवलंस. आई म्हणते फोटो पुरे, सासरकडच्यांना ड्रोन आणि प्री-वेडिंग हवंय. मी परभणीत उभी हयात याच कामात घालवली म्हणून तू मला विचारलंस. शूटिंग जरूर कर, पण कशाचं करायचं ते आधी ठरव. आणि त्यासाठी वडिलांना हातउसने घ्यावे लागणार असतील तर करूच नको. सोयाबीन निघालं की चार पैसे हाती दिसतात, लग्नात सैल हात सुटतो आणि पुढच्या पेरणीला बी-खतासाठी दुकानदाराच्या दारात उभं राहावं लागतं. आपल्या भागात हे मी फार घरांत बघितलंय.

फोटोत चेहरा राहतो. आवाज राहत नाही, चाल राहत नाही, हसताना तोंडाला पदर लावायची आजीची लकब राहत नाही. माझ्याकडं लोक जुन्या कॅसेटा घेऊन यायचे ते नवरा-नवरी बघायला नाही. "यात आमचे आबा कुठं बोललेत का बघा," म्हणायचे. आबा पंगतीत क्षणभर दिसायचे आणि वरून सिनेमातलं गाणं चालू असायचं. मिक्सिंग करताना खरा आवाज काढून गाणं टाकायची आमच्या धंद्यात रीतच पडली होती. आजचे टीझरही तसेच बनतात. म्हणून कॅमेरा कोणता हे विचारण्याआधी आवाजाचं काय करणार ते विचार. गुरुजींना कॉलर माइक लावणार का? कार्यालयाच्या साउंड मिक्सरमधून थेट वायर घेणार का? नुसत्या कॅमेऱ्यावरच्या माइकवर राहिलीस तर मे महिन्यातल्या कूलरच्या घरघरीत मंगलाष्टका बुडून जातील.

माझ्या मते सगळ्यात मोलाची वेळ लग्नाची नाहीच, हळदीच्या आदल्या रात्रीची आहे. जातं पुजून बायका गाणी म्हणतात ती. जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं मोठं काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी पुण्यातून उभं केलं, लाखाच्या वर ओव्या जमल्या. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांचे आवाज त्यात १९९६ साली टिपले गेले. त्या बायकांची गाणी राहिली ती कुणी तरी टेप घेऊन शेजारी जाऊन बसलं म्हणून. तुझ्या आजीजवळ कोण बसणार? त्याला भाड्याचा कॅमेरामन लागत नाही. एखाद्या समजूतदार भावंडाच्या हाती मोबाईल दे. मोबाईल आडवा धरायचा, फ्लाइट मोडवर टाकायचा म्हणजे मधेच फोन येत नाही, आणि गाणारीच्या जवळ बसायचं. तासभर डीजे बंद ठेवायला सांग. गाणं संपल्यावर तिला तिच्या लग्नाचं विचार, परण्या कसा निघाला, वऱ्हाड बैलगाडीनं किती लांबून आलं. बोलू दे, मधे टोकू नको.

लग्नाच्या दिवसासाठी एकच चांगला कॅमेरामन पुरे. त्याला बजावून ठेव की अंतरपाट धरला की स्टेजवर पाठ करून उभं राहायचं नाही. लांबून आलेल्या पाहुण्यांना तू दिसली पाहिजेस. पाठवणीच्या वेळी दिवा तोंडावर मारू नको, हेही सांग.

ड्रोन सोड. मांडवाचं कापड आणि गाड्यांची छतं बघून कुणाला काय मिळणार? शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागतं, ते किती जणांकडं आहे ते तूच विचारून बघ. प्री-वेडिंगचंही तेच. सासरकडच्यांचं मन मोडत नसेल तर त्यांच्या खर्चानं होऊ दे.

व्यवहार कागदावर कर. इसार किती, बाकी कधी, माल कधी मिळणार, सगळं लिहून घे. रॉ डेटा, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रण, मिळणार हे त्यात आलंच पाहिजे. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रणाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करून घेणाराच असतो, असं १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो. त्यामुळं तुझी परवानगी घेतल्याशिवाय त्यानं तुझं लग्न जाहिरातीला वापरू नये, हेही लिहून घे. फोर-के शूटिंगचा एक तास सहज पंचेचाळीस जीबी खातो, तेव्हा हार्ड डिस्क आपलीच दे. दोन प्रती कर, एक माहेरी, एक सासरी. आणि दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवत राहा. व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावून बघायचं यंत्र, बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये ते बंद केले. तेव्हापासून चांगल्या कॅसेटा असूनही बघायचं कशात, असा प्रश्न घेऊन किती तरी लोक माझ्याकडं आले.

तुळशीचं लग्न झालं की शूटिंग करणाऱ्या चांगल्या पोरांच्या तारखा राहत नाहीत, म्हणून आत्ताच दोघा-तिघांकडं जा. टीझर बघू नको. त्यानं केलेल्या एखाद्या लग्नाचं न कापलेलं शूटिंग दाखवायला लाव आणि डोळे मिटून ऐक. मंगलाष्टकांचे शब्द कळले तरच इसार दे.

तुझा,
काका