थर्मासमधला काढा

"मॅडम, डॉक्टरांना सांगू नका, पण आम्ही आईला चिनी काढाही देतोय. दोन्ही एकत्र चालतं ना?" दार लोटून घेत मुलगी म्हणाली. हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि बहुतेक वेळा असाच, दबक्या आवाजात.

आईला आतड्याचा कर्करोग, केमोत इरिनोटेकॅन. पहिल्या सायकलनंतर मळमळ, मग जुलाब. या औषधानं जुलाब दोन प्रकारे होतात. काहींना त्याच दिवशी, घाम आणि पोटात पिळवटल्यासारखं होऊन. काहींना 24 तास उलटून गेल्यावर. हे दुसरे जास्त घातक. त्यांच्यासाठी लोपेरामाइड हे जुलाब थांबवणारं औषध लिहून दिलेलं होतं, पण मुलीनं तेच थांबवलं होतं. कारण काय, तर "दोन औषधं एकमेकांत भांडतील."

पिशवीतून तिनं थर्मास आणि पुडीचा फोटो काढला. स्कलकॅपचं मूळ, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, चिनी बोरं. हा हुआंग चिन तांग, सुमारे 1800 वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकातला जुलाबावरचा काढा. मी तिला सांगितलं, तुझी निवड अडाणीपणाची नाही. याच चार वनस्पतींपासून ठरावीक मात्रेचं औषध बनवून येल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर काम केलंय. इरिनोटेकॅन दिलेल्या उंदरांच्या आतड्याची झीज त्यानं लवकर भरून आली. पण ते मोजूनमापून केलेलं औषध. घरी उकळलेल्या काढ्यात काय किती उतरलं, कोण सांगणार? शिवाय ज्येष्ठमध जास्त झालं की शरीरातलं पोटॅशियम घटतं, आणि जुलाबांतही तेच जातं. वनस्पती केमोच्या वाटेत येऊ शकते, हे सेंट जॉन्स वर्टनं दाखवून दिलंय. ती चिनी नव्हे, पण तिच्यामुळे इरिनोटेकॅनचा रक्तातला सक्रिय अंश सुमारे 42 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं होतं.

"मग डॉक्टरांपासून का लपवता?" मागे एका डॉक्टरांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, म्हणाली. मला याचा खरंच राग येतो. एकदा झापलं की ते घर पुन्हा तोंड उघडत नाही, आणि काढा तर चालूच राहतो.

मी तिच्यासोबत गेले. थर्मास आणि फोटो टेबलावर ठेवायला लावले. हे डॉक्टर चिडले नाहीत. दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का, ताप आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. पोटॅशियम तपासलं, ते कमी निघालं. काढा थांबला, लोपेरामाइड पुन्हा सुरू झालं, सलाईन लागलं, उलटीचं औषध बदललं.

मुलीचा चेहरा पडला. "मग मी काहीच करू नको?"

तेव्हा कुठे आई बोलली. तिला तो काढा घशाखाली उतरत नव्हता. लेक तासभर चुलीपुढे उभी राहते म्हणून ती पीत होती.

अ‍ॅक्युपंक्चरला मात्र डॉक्टरांची हरकत नव्हती. केमोच्या मळमळीवर त्याचा उपयोग होतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ-परिषदेनं 1997 सालीच म्हटलंय. पण आईच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होत्या, त्यामुळे सुया नकोत, फक्त दाब. मी जागा दाखवली: मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, स्नायूंच्या दोन ताठ दोऱ्यांच्या मधोमध.

मुलीनं आईचा हात मांडीवर घेतला. "इथेच ना?"

"थोडं वर," आई म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.