म्हातारपण कोणाचं अभ्यासायचं, हे आधी ठरू द्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जीवशास्त्रात रमतो आणि काही महिन्यांपासून ‘मी वार्धक्यावर संशोधन करणार’ हा एकच धोशा लावून बसलाय. हे खरं शास्त्र आहे की तरुण राहण्याच्या गोळ्यांचा बाजार, आणि यात त्याचं पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंत.

शास्त्र खरं आहे. माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी भांड्यात कायम वाढत राहतात, असं एके काळी सर्रास मानलं जाई. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की साध्या पेशी सुमारे ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्याचं एक कारण पुढे गुणसूत्रांच्या टोकांत सापडलं. टेलोमिअर नावाची ही टोकं दर विभाजनाला थोडी झिजतात. ती झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासह या कामाला २००९चं नोबेल मिळालं. मग टेलोमरेज वाढवलं की झालं? तसं होत नाही, कारण बहुतेक कर्करोगांच्या पेशी याच टेलोमरेजच्या जोरावर बेसुमार वाढतात. थांबलेल्या पेशीही गप्प बसत नाहीत. त्या मरत नाहीत आणि आजूबाजूला दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहतात. २०११ साली, झपाट्याने म्हातारे होणाऱ्या उंदरांतून अशा पेशी काढून टाकल्यावर त्यांचे काही विकार उशिरा सुरू झाले. उंदरांत जमलेलं माणसात जमेलच असं मात्र नाही. वार्धक्य रोखणारं म्हणून मंजूर झालेलं एकही औषध आज नाही. कोणी तसं विकत असेल, तर मुलाला त्यापासून लांबच ठेवा.

आता त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. त्याला विचारा, कोणाचं म्हातारपण अभ्यासणार? प्रश्न साधा वाटेल, पण पुढची दहा वर्षं त्यावर ठरतात. प्रयोगशाळेतला जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी साधारण तीन आठवडे जगतो. फळमाशी दोन-तीन महिने, उंदीर दोन-तीन वर्षं. १९९३ साली सिंथिया केनियन यांच्या गटाने एका जनुकातल्या बदलाने कृमीचं आयुष्य दुपटीहून जास्त वाढलेलं दाखवलं. ते कृमीतच आधी दिसलं यात नवल नाही, कारण तिथे वर्षभरात प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो, चूक सुधारता येते. त्यासाठी दर एक-दोन दिवसांनी प्रत्येक कृमीला बारीक तारेने हळूच स्पर्श करून तो हलतो का हे पाहावं लागतं. शेकडो कृमी, आठवडेच्या आठवडे. उंदराचा आयुष्यभराचा प्रयोग पीएचडीची बहुतेक वर्षं खातो. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका मुलीच्या उंदरांमध्ये तिसऱ्या वर्षी संसर्ग पसरला आणि तिला विषयच बदलावा लागला. ती हुशार होती, मेहनतीही होती. दुसऱ्यांदा सुरुवात करायला वेळ उरला नव्हता, इतकंच. म्हणून गाईड निवडताना लॅबमध्ये कोणता प्राणी किंवा कोणत्या पेशी आहेत, हे त्याने पहिल्याच भेटीत विचारावं.

नुसतं ‘वार्धक्य’ हे नाव पाहून पदवी घेऊ नये. जैवरसायन, रेणवीय जीवशास्त्र किंवा आनुवंशिकी यांपैकी एकात पक्कं व्हावं. पेशी वाढवणं, जनुकं बदलणं ही कामं कर्करोग, मधुमेह, मेंदूचे आजार अशा सगळीकडे लागतात. संख्याशास्त्राकडे बहुतेक मुलं पाठ फिरवतात, त्याने तसं करू नये. २०१३ साली स्टीव्ह होरवाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांच्या रासायनिक खुणांवरून वयाचा अंदाज बांधून दाखवला. ते बरंचसं आकडेमोडीचं काम होतं, आणि अशा कामाला माणसं हवी आहेत. त्याला माणसांत राहायला आवडत असेल, तर वृद्धांवर उपचार करणारा डॉक्टर होणं हा वेगळा आणि तितकाच मोलाचा मार्ग आहे.

पैशांचं स्पष्ट सांगते. पीएचडीला चार ते सहा वर्षं, पुढे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची, काही वर्षं. स्थिर पगार उशिरा येतो आणि कायमच्या जागा उमेदवारांपेक्षा कमी असतात. घराला त्याच्या कमाईची लवकर गरज असेल, तर ते त्याच्यापासून लपवू नका. एमएस्सीनंतर औषध कंपन्यांत किंवा विदा-विश्लेषणात (डेटा अॅनालिसिसमध्ये) नोकरी धरणाऱ्यांची बुद्धी काही वाया जात नाही.

येत्या सुट्टीत त्याला दोन महिने कुठल्याही पेशी-प्रयोगशाळेत काम करू द्या, विषय कोणताही चालेल. दर दोन-तीन दिवसांनी, रविवारीसुद्धा, पेशींचं पोषणद्रव्य बदलायला जावं लागेल. त्यानंतरचं पत्र त्यालाच लिहू द्या. मी वाट पाहीन.