पुण्याहून बीजिंगच्या वेधशाळेत जायचं म्हणतोस, तर...

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात प्रबंध सादर व्हायच्या बेतात आहे, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर पल्सारचं, म्हणजे नियमित स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचं, काम झालंय, आणि बीजिंगच्या राष्ट्रीय खगोल वेधशाळेतून दोन वर्षांच्या पोस्टडॉकचं पत्र हातात आहे. तुझे प्रश्न असे: 'ताई, फास्टवर, चीनच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवर, खरंच वेळ मिळतो का? चिनी येत नाही, चालेल का? बायको आणि तीन वर्षांची मुलगी बरोबर असतील, त्यांचं काय? आणि परत आल्यावर इथे कोण विचारेल?' मी २०१७ च्या सप्टेंबरात इकडे आले. तेव्हापासून चांगलं-वाईट दोन्ही पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत: ये. पण दुर्बिणीसाठी ये, कायमच्या नोकरीच्या आशेने येऊ नकोस. आणि इथे पाहुणा म्हणून राहायचं की घरातला माणूस म्हणून, हे पहिल्या सहा महिन्यांत ठरव. ते पुढे ठरवता येत नाही.

फास्टची गोष्ट आधी, कारण तुझं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ग्वेइझोउ प्रांतातल्या पिंगतांग जिल्ह्यात दावोदांग नावाची एक नैसर्गिक वाडग्यासारखी दरी आहे. तिच्यात ५०० मीटर व्यासाची ही थाळी बसवलीय. २५ सप्टेंबर २०१६ ला ती पूर्ण झाली आणि जानेवारी २०२० पासून नियमित वापरात आली. त्याच वर्षी डिसेंबरात पोर्तो रिकोची अरेसिबो कोसळली. तेव्हापासून या जातीची इतकी संवेदनशील दुर्बीण जगात दुसरी नाही. २०२१ पासून परदेशातून अर्ज करणाऱ्यांसाठी साधारण १० टक्के वेळ राखून ठेवला जातो. तू चिनी संस्थेतून अर्ज करशील, म्हणजे त्या रांगेत तुला उभं राहावं लागणार नाही. वेळ मिळतो, पण बराचसा वेळ मोठ्या ठरलेल्या प्रकल्पांकडे जातो. आकाशगंगेच्या प्रतलातलं हान जिनलिन यांच्या गटाचं पल्सार-सर्वेक्षण त्यांपैकीच एक. नव्या माणसाने पहिल्या वर्षी अशा एखाद्या प्रकल्पात मनापासून राबावं आणि दुसऱ्या वर्षी स्वतःचा लहान, नेमका प्रस्ताव टाकावा. आल्या आल्या स्वतःचं मोठं काही मागणाऱ्यांना मी रिकाम्या हाताने परत जाताना पाहिलंय.

ही संवेदनशीलता म्हणजे काय, ते तुला वेगळं सांगायला नको. २९ जून २०२३ ला जगभरच्या पल्सार-गटांनी एकाच दिवशी गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे, म्हणजे विश्वभर सतत चाललेल्या अवकाशाच्या मंद थरथरीचे, पुरावे मांडले. आपल्या जीएमआरटीच्या निरीक्षणांवर उभा असलेला भारतीय गट युरोपीय गटाबरोबर त्यात होता. अमेरिकेच्या गटाकडे १५ वर्षांची निरीक्षणं होती. चिनी गटाने ५७ पल्सार आणि जेमतेम ३ वर्षं ५ महिन्यांचा फास्टचा डेटा यांवर ४.६ सिग्माचा, म्हणजे निव्वळ योगायोगाची शक्यता फारच थोडी असलेला, निकाल दिला. मी त्या रात्री तो लेख वाचून बराच वेळ खिडकीशी बसून होते. आपल्या क्षेत्रात हे कुणी इतक्या लवकर करील, असं मी पुण्यात असताना कधी धरलं नव्हतं.

पण 'चीनमध्ये सगळं रातोरात होतं' हे मनातून काढून टाक. फास्टची कल्पना खगोलशास्त्रज्ञ नान रेनदोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. ग्वेइझोउच्या डोंगरांत शेकडो दऱ्या पायी पाहिल्या. सरकारची मंजुरी आली २००७ मध्ये आणि काम सुरू झालं २०११ मध्ये. म्हणजे तेरा वर्षं नुसती मंजुरीसाठी गेली, आणि तो माणूस जागचा हलला नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला ते गेले. मी नुकतीच पोहोचले होते. कॅन्टीनमध्ये लोक हळू आवाजात बोलत होते, एक वयस्कर तंत्रज्ञ डोळे पुसत होता, आणि काय झालंय ते मला कळायला दुसरा दिवस उजाडला. भाषा न येण्याची पहिली खरी बोच मला तिथे लागली.

आता सरकार पैसा का देतं, ते समजून घे. ते समजलं की तुझी जागा कुठे आहे हेही कळेल. २०२४ मध्ये चीनने संशोधन आणि विकासावर ३.६ लाख कोटी युआनहून जास्त खर्च केला. हा सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) २.७ टक्क्यांच्या आसपास जातो, आणि आपण ०.६४ वर अडकलोय. मात्र त्यातला मूलभूत संशोधनाचा वाटा ७ टक्क्यांच्या आत होता. बाकीचा पैसा उत्पादनाच्या जवळ जातो: चिप, बॅटरी, यंत्रसामग्री. 'छ्या बोत्झ' हा शब्द इथे रोज कानावर पडेल. गळा आवळणं असा त्याचा अर्थ. जे तंत्रज्ञान दुसऱ्याने रोखलं तर आपला श्वास कोंडेल, ते आधी, असा तो हिशेब. २०२३ मध्ये पक्षाच्या पातळीवर केंद्रीय विज्ञान-तंत्रज्ञान आयोग नेमला गेला, तेव्हापासून ही दिशा जास्तच वरून ठरते.

मग खगोलशास्त्राला पैसा कसा मिळतो? मिळतो, कारण मोठं यंत्र बांधताना कारखाने शिकतात. फास्टच्या थाळीखाली पोलादी दोरांचं जाळं आहे, आणि थाळीचा आकार निरीक्षणानुसार सतत बदलतो, म्हणून ते दोर वारंवार ताणले आणि सैल होतात. बाजारातले दोर त्यात टिकेनात. ५०० मेगापास्कलचा ताण-बदल वीस लाख वेळा सोसतील असे दोर नव्याने तयार करावे लागले. इथल्या योजनाकारांना हे दिसतं. प्रस्तावात हा भाग नीट मांडणारा शास्त्रज्ञ इथे पुढे जातो. मला हे सुरुवातीला पटत नव्हतं. ज्ञानासाठी ज्ञान हेच पुरेसं कारण आहे, असं मला आजही वाटतं. पण खोडदची गोष्ट आठवते. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या परवडाव्यात म्हणून जीएमआरटी उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी ताणलेल्या तारांवर हलकी जाळी बसवायची युक्ती काढली. तीही मुळात अभियांत्रिकीची गोष्ट होती. आपण ती पुढे कारखान्यांपर्यंत नेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि इथेच तुझ्यासाठी संधी आहे. फास्ट ही एकच थाळी. क्षीण स्रोत पकडण्यात तिला तोड नाही, पण आकाशात तो नेमका कुठे आहे हे सांगण्यात ती कमी पडते. त्यासाठी तिच्या भोवती ४० मीटरच्या २४ थाळ्या उभ्या करायचं काम सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालंय. म्हणजे अनेक थाळ्यांचे संकेत जुळवून चित्र काढणारी, कमी वारंवारतेचा गोंगाट ओळखून काढणारी माणसं इथल्या लोकांना लागणार. खोडदच्या डेटावर पाच वर्षं घासलेला विद्यार्थी म्हणजे नेमका तोच माणूस. मुलाखतीत तू पल्सारबद्दलच बोललास असं लिहिलंयस. पुढच्या बोलण्यात प्रतिमा-निर्मितीचा अनुभवही स्पष्ट सांग. तुझ्या गाईडचं नाव सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

वयाचं गणित मात्र कडक आहे. राष्ट्रीय विज्ञान निधीच्या तरुणांसाठीच्या अनुदानाला पुरुषांना ३५ च्या आत अर्ज करावा लागतो, स्त्रियांना ४० च्या आत. तू ३१ चा आहेस, म्हणजे घड्याळ चालू झालंय. तरुण प्राध्यापकांसाठी बऱ्याच विद्यापीठांत 'फेइ शंग जी त्झोउ' चालतं, बढती नाहीतर निरोप. सहा वर्षांत ठरलेलं काम झालं नाही तर खुर्ची जाते. २०२० मध्ये सरकारने लेखांच्या संख्येवर बक्षिसं द्यायला बंदी केली आणि मोजक्या प्रातिनिधिक कामावर माणूस जोखावा असं सांगितलं. कागदावर तो बदल चांगला आहे, आणि काही ठिकाणी खरंच उतरलाय. पण माझ्या तरुण चिनी सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झालेला मला दिसत नाही. रात्री साडेदहाला प्रयोगशाळेत दिवे असतात. तू त्या शर्यतीत उतरू नकोस. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत आणि त्यांच्याकडे नसलेलं कौशल्य आहे.

भाषेबद्दल मी हट्टाने सांगते. लेख इंग्रजीत, सेमिनार बहुतेक इंग्रजीत, पण कुणाचा प्रस्ताव पुढे जाणार, कोणत्या गटाला संगणकाचा वेळ मिळणार, हे चिनीत ठरतं, बरेचदा जेवणाच्या टेबलावर आणि वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपच्या गटात. ज्याला चिनी येत नाही त्याच्याशी सगळे फार प्रेमाने वागतात आणि त्याला काहीच विचारत नाहीत. मी दीड वर्ष तशी राहिले. रोज पहाटे एक तास चिनी शिकायला लागले, तेव्हा बैठकीची बोलावणी सुरू झाली. पुण्यात असतानाच सुरुवात कर. लिपीची धास्ती घेऊ नकोस, आधी बोलायला शीक.

कागदपत्रांत एक गोष्ट लोकांना हमखास चुकवते. चीन नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल करारात आहे, म्हणजे एका शिक्क्यावर परदेशी कागदपत्रं मान्य करायच्या करारात, म्हणून एजंट सांगतात की अपॉस्टिल शिक्का पुरे. भारताने हरकत घेतल्यामुळे भारत आणि चीन यांच्यामध्ये तो करार लागू नाही. तुझ्या पदवीला जुनीच वाट आहे: आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वकिलात. वेळ लागतो, आत्ताच सुरू कर. पोलीस दाखलाही याच वाटेने. मग संस्था कामाच्या परवान्याचं सूचनापत्र पाठवेल, त्यावर झेड, म्हणजे नोकरीचा, व्हिसा, आणि इथे उतरल्यावर ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. २४ तासांत पोलिसांकडे पत्ता नोंदवायचा, हे विसरू नकोस. ऑक्टोबर २०२५ पासून तरुण विज्ञान-तंत्रज्ञांसाठी के व्हिसा आलाय, त्याबद्दल तू विचारलंस. तुझ्या हातात नेमणूक आहे, त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

बायकोला आणि मुलीला कुटुंबाचा एस१ व्हिसा मिळेल, पण त्यावर नोकरी करता येत नाही. वहिनींशी हे आजच मोकळेपणाने बोल. त्यांची चालू नोकरी सुटणार असेल तर त्या निर्णयात त्यांचा अर्धा वाटा आहे. लहान मुली इथे भाषा पटकन उचलतात, साध्या चिनी बालवाडीत घातलीस तर वर्षभरात ती तुझी दुभाषी होईल. खाण्याची काळजी आईला नको म्हणावं. हिंग, गोडा मसाला, आमसुलं आण, बाकी भागतं. उत्तर चीनमध्ये ज्वारी पिकते, किराणा दुकानात 'गाओल्यांग म्येन' मागितलं की तिचं पीठ मिळतं. पीठ ताजं असलं आणि गरम पाण्यात मळलं तर भाकरी थापता येते. मी थापते. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबर ते १५ मार्च घरं सरकारी उष्णतेवर गरम असतात, तेव्हा थंडीचीही भीती नको. जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, यासाठी घरच्यांना आधीपासून वीचॅट शिकवून ठेव.

राजकारणाची भीती खोटी नाही. जानेवारी २०२० मध्ये मी चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला गेले. कोविडमुळे २८ मार्चपासून चीनने परदेशी नागरिकांचे चालू व्हिसा आणि परवाने थांबवले, आणि मला परत यायला २०२२ ची दिवाळी उलटली. मधली जवळजवळ तीन वर्षं मी पुण्याच्या खोलीतून बीजिंगच्या संगणकावर काम केलं. माझ्या घरमालकीणबाईंनी माझी पुस्तकं आणि भांडी खोक्यांत भरून स्वतःच्या घरी सांभाळली, भाडं घेतलं नाही. दोन देशांचं बिनसलं असताना मला ते मिळालं, हे मी कधी विसरणार नाही. थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझोउ मार्गाने पुन्हा सुरू झाली. तरी वर्षभराचं भाडं भरता येईल इतके पैसे भारतातल्या खात्यात ठेवूनच ये, आणि तुझ्या कामाचा जो भाग नियमाने बाहेर नेता येतो त्याची प्रत नेहमी स्वतःजवळ ठेव.

परत जाण्याबद्दल: अमेरिकेत २०११ पासून नासाला चीनशी द्विपक्षीय सहकार्य करायला कायद्याने मनाई आहे, पुढे नासाच्या पैशावर काम करायचा विचार असेल तर हे ध्यानात घे. भारतात मात्र रेडिओ खगोलशास्त्र जाणणाऱ्या माणसाला काम आहे. भारत आणि चीन दोघेही एसकेए या अनेक देशांच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात आहेत, आणि दोन्हीकडची पद्धत पाहिलेली माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

शेवटी, तुझ्या करारातल्या एका ओळीबद्दल. माझ्या पहिल्या संस्थेने, नाव राहू दे, दिलेल्या इंग्रजी प्रतीत 'मुदतवाढ शक्य' असं होतं. चिनी प्रतीत मुदतवाढीची अट लिहिली होती आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. वाद झाला की चिनी प्रत धरली जाते. दोन वर्षांनी मला दुसरी जागा शोधावी लागली. तू मला फक्त इंग्रजी पत्र पाठवलंयस. पेन्शन-विमा कापला जाणार का, घर कोण देणार, ही विद्यावृत्ती आहे की नोकरी, हे सगळं चिनी प्रतीतच कळेल. ती मागून घे आणि सही करायच्या आधी मला पाठव, मी एका रात्रीत वाचून देते.