शिट्टी वाजली म्हणजे लगेच न्यूमोनिया नाही

अरे, तुझ्या बॉल पायथनच्या (पाळीव अजगराच्या) श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतोय म्हणून न्यूमोनियाची भीती वाटतेय ना, मग आधी त्याचे डोळे बघ, दुधाळ निळसर झालेत का? तसं असेल तर कात टाकायची वेळ आलीय, नाकपुडीत जुनी कातडी अडकली की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि कात पडली की बहुतेक वेळा आपोआप जातो. हात लावल्यावर फुस्स करतो ते घाबरून, आजार नाही तो.

पण शांत पडलेला असतानाही श्वासाला घरघर येतेय, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ दिसतेय, डोकं वर धरून तोंड उघडून श्वास घेतोय, तर मात्र अजिबात थांबू नकोस, कारण सापाला आपल्यासारखं जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, तो आतच साठत जातो. एक्झॉटिक (साप-सरड्यांसारखे वेगळे पाळीव प्राणी) बघणाऱ्या व्हेटकडेच ने आणि आवाजाचा व्हिडिओ काढून ठेव, तिथे गेल्यावर नेमका गप्प बसतात हे. घरातली माणसांची अँटिबायोटिक प्लीज देऊ नकोस.

आणि उबेकडेही लक्ष दे, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या आसपास येतो ना, बॉल पायथनला उबदार कोपरा ३१-३२ डिग्री लागतोच, थर्मोस्टॅट (ऊब ठरावीक ठेवणारं यंत्र) लाव आणि त्याच्या पेटीच्या काचेला चिकटवलेल्या तापमानाच्या मीटरवर विसंबू नकोस, जमिनीलगत प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) ठेवून मोज.