पप्पांचं दहन झालं म्हणून त्यांचं पुनरुत्थान अडत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. पप्पांच्या इच्छेप्रमाणे दहन केलं, अस्थिकलश महिनाभर कपाटात आहे, भाऊ म्हणतो अर्धी राख नदीत सोडू आणि अर्धी घरी ठेवू. त्यात आत्या विचारतात, जाळलेला माणूस शेवटच्या दिवशी उठणार कसा? या सगळ्यातून आमचं घर गेलंय, फक्त आमच्याकडे राख नव्हती, कबर होती.

आधी आत्यांचं बघू. इ.स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात रोमन सत्तेने ख्रिस्ती हुतात्म्यांची शरीरं जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. हेतू हाच होता, की यांची पुनरुत्थानाची आशाच संपवायची. ती संपली नाही. त्या हुतात्म्यांचा सण आजही 2 जूनला असतो. ज्याने शून्यातून घडवलं त्याला आपल्या राखेची अडचण होईल, असं मानणं म्हणजे देवालाच लहान करणं. कॅथलिक चर्चने 1963 पासून दहनाला मुभा दिलेली आहे. दफनच अधिक पसंत, हे खरं. पण पुनरुत्थान नाकारण्यासाठी कोणी दहन निवडलं नसेल, तर मनाई नाही.

भावाचं मात्र मला पटत नाही. 2016 साली रोमहून आलेल्या सूचनेत स्पष्ट आहे: राख विखरायची नाही, नातेवाइकांत वाटायची नाही, एरवी घरीही ठेवायची नाही, पवित्र जागी ठेवायची. 2023 च्या डिसेंबरमध्ये थोडी सवलत आली, म्हणजे अगदी थोडा अंश एखाद्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवण्याची विनंती धर्माधिकाऱ्यांनी विचारात घ्यावी. त्याचा अर्थ अर्धी-अर्धी वाटणी असा होत नाही. (मी धर्मगुरू नाही. मी कॅथलिक रिवाज सांगतेय, इतर मंडळ्यांत वेगळं असू शकतं. तुमच्या फादरांना विचाराच.)

इतका आग्रह कशाला, म्हणाल. आपला विश्वास नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर नाही, देहाच्या पुनरुत्थानावर आहे. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि किनाऱ्यावर निखारे पेटवून त्याने शिष्यांना मासे खाऊ घातले. म्हणून आपण मृत देहाला धूप दाखवतो, पवित्र पाणी शिंपडतो, आणि बाप्तिस्म्याला पेटवलेली तीच पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती शवपेटीजवळ उभी करतो. त्या देहाने आपल्याला वाढवलं. त्याला नावाची जागा हवी.

आणि आता ज्याने मला सर्वांत जास्त दुखावलं ते. आईची कबर कायमची नव्हती. मुंबईत जागा नाही, काही काळाने कबर पुन्हा वापरतात, हे ठाऊक होतं. दफनभूमीच्या कार्यालयाने भावाला तोंडी सांगितलं होतं, ‘वेळ आली की कळवू.’ कळवलं नाही. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, झेंडू, मेणबत्त्या घेऊन गेलो तर क्रुसावर दुसरंच नाव, चुना ओला. कार्यालयातल्या गृहस्थांनी रजिस्टर आमच्याकडे फिरवलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, नोटीस फळ्यावर लावली होती. अस्थी कुठे? सामाईक खड्ड्यात. फोन नंबर त्याच ओळीत, स्पष्ट अक्षरांत होता. एक फोन लावायला काय लागतं? जे लोक दर रविवारी आपल्याबरोबर उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेची कबुली, म्हणतात, त्यांच्याकडून हे व्हावं याचा राग अजून जात नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

त्या दिवसांत आधार मिळाला संत मोनिकाचा. रोमजवळच्या ऑस्तियाला मरणाच्या दारात असताना तिने आपल्या मुलाला, संत ऑगस्टीनला, सांगितलं होतं, हे शरीर कुठेही ठेवा, त्याची काळजी नको, फक्त वेदीपाशी माझी आठवण करा. म्हणून आता आईच्या नावाने मिस्सा (चर्चमधली वेदीवरची उपासना) नेमाने ठेवतो, आणि त्या दिवशी घरातल्यांसाठी शिजतं त्यात एका गरजू कुटुंबाचं ताट असतं.

तेव्हा माझं मत असं, की राख सगळी एकत्र दफनभूमीत न्या. भिंतीतला नीश, म्हणजे कलश ठेवायचा कोनाडा, घ्या किंवा घरच्या कुणाच्या कबरीत ठेवा. मुदत किती, नूतनीकरण कधी, नोटीस कुणाला आणि कशी जाणार, हे शिक्क्यानिशी लेखी घ्या. दोन नंबर द्या, एक मुंबईबाहेरच्या नातेवाइकाचा. स्मशानाच्या पावतीच्या झेरॉक्स काढून ठेवा, मूळ पावती कार्यालयात ठेवून घेतात कधीकधी.

‘ते उठणारच आहेत, मग रडता कशाला’ म्हणणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. मेलेल्या मित्राला, लाजरला, उठवणार हे माहीत असूनही येशू त्याच्यासाठी रडला. या वर्षी ईस्टरला गाता येत नसेल तर गाऊ नका, नुसत्या जाऊन बसा. बाकीचे गातील तुमच्या वाटचं. आणि कलश नेताना आत्यांना बरोबर घ्या, भाऊ आहे तो त्यांचा.